स्थानिक स्वराज्य संस्थांमधील अतिरिक्त मनुष्यबळ

महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा ग्रामपंचायत यांच्या एखाद्या विभागात प्रत्यक्ष कामाला लागतात त्याहून अधिक कर्मचारी वेतनावर असतील, तर त्या स्थितीला अतिरिक्त मनुष्यबळ असे म्हणतात. अशा स्थितीत संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतन यांवर खर्च होतो. त्यामुळे पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य आणि शिक्षण या सेवांची साधनसामग्री व देखभाल यांसाठी कमी पैसा उरतो.

महाराष्ट्रात अतिरिक्त आणि अपुरे मनुष्यबळ बहुधा एकाच संस्थेत शेजारी-शेजारी आढळते. एका विभागात कामाविना बसलेले कर्मचारी असतात, तर दुसऱ्या विभागात अभियंता, परिचारिका किंवा जोडारी यांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. नागरिक जादा पदांचा भार करातून सोसतो आणि रिक्त पदांचा त्रास सेवेच्या अभावातून भोगतो. म्हणून एकूण कर्मचारीसंख्येइतकेच तिच्या विभागणीलाही या विषयाच्या अभ्यासात महत्त्व आहे. सोलापूर महानगरपालिकेच्या कारभारात या प्रश्नाची बहुतेक अंगे पाहावयास मिळतात.

संज्ञा व व्याप्ती

प्रशासनात कर्मचारीसंख्येचा विचार तीन पातळ्यांवर होतो. शासनाने मान्यता दिलेल्या पदांना मंजूर पदे म्हणतात. त्यांपैकी ज्यांवर कर्मचारी नेमलेले आहेत ती भरलेली पदे आणि उरलेली ती रिक्त पदे. कोणत्या विभागात कोणत्या दर्जाची किती पदे असावीत हे ठरविणाऱ्या तक्त्याला आकृतिबंध असे नाव आहे.

अतिरिक्त मनुष्यबळ हे मंजूर पदांच्या तुलनेत ठरत नाही, तर कामाच्या तुलनेत ठरते. एखाद्या नाक्यावर दहा पदे मंजूर असून दहाही भरलेली असतील, परंतु तो नाकाच बंद झाला असेल, तर आकृतिबंधाच्या दृष्टीने कोणीही जादा नसले तरी कामाच्या दृष्टीने दहाही जण अतिरिक्त ठरतात. याच्या उलट, शहराची लोकसंख्या दुप्पट होऊनही आकृतिबंध जुनाच राहिला, तर सर्व पदे भरलेली असूनही मनुष्यबळ अपुरे पडते.

केवळ नावापुरते अस्तित्वात असलेले कर्मचारी, म्हणजेच बोगस कर्मचारी, हा याच्याशी संबंधित पण वेगळा प्रकार आहे. दिल्ली महानगरपालिकेत बोटांच्या ठशांवर आधारित हजेरी सुरू केल्यानंतर २००९ मध्ये हजेरीपटावरील २२,८५३ नावांचे कर्मचारी प्रत्यक्षात आढळले नाहीत, असे जाहीर करण्यात आले होते. अतिरिक्त कर्मचारी मात्र खरा असतो. तो कामावर हजरही असतो. त्याच्या जागी काम नसते.

कायदेशीर चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. बाराव्या परिशिष्टात नगरनियोजन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन आदी १८ विषय नमूद आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य महानगरपालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. त्याच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये दिलेली आहेत. कलम ५१ पदांची संख्या, दर्जा व वेतनश्रेणी यांविषयी असून नवीन पद निर्माण करण्यास राज्य शासनाची मंजुरी लागते. नगरपरिषदांसाठी १९६५ चा आणि जिल्हा परिषदांसाठी १९६१ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

कर्तव्य स्थानिक संस्थेचे, पण ते पार पाडण्यासाठी लागणारे पद निर्माण करण्याचा अंतिम अधिकार राज्याचा, अशी ही रचना आहे. आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम यांच्या मंजुरीस विलंब झाला, तर शहर बदलते आणि पदांचा तक्ता मात्र मागेच राहतो.

राज्य शासनाने महानगरपालिकांच्या आस्थापना खर्चासाठी महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मर्यादा ओलांडलेल्या संस्थेस नवीन पदांची मंजुरी व भरती यांत अडचण येते. उधळपट्टी रोखणे हा या अटीचा हेतू आहे. तथापि उत्पन्नाचे साधन क्षीण असलेल्या शहरात कर्मचारी कमी असूनही हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ही अट एकूण खर्चाकडे पाहते, विभागणीकडे पाहत नाही. जादा लिपिकांमुळे मर्यादा ओलांडली गेली, तरी भरती मात्र डॉक्टर आणि अभियंत्यांचीही अडते.

कारणे

काम संपणे, पद उरणे. जकात हे याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. प्रत्येक टप्प्यावर नाक्यांवरील आणि वसुली विभागातील कर्मचाऱ्यांना अन्य विभागांत सामावून घ्यावे लागले. टंकलेखन, नोंदवह्या, आवक-जावक यांसारखी कामे संगणकावर गेल्यानेही अशीच स्थिती उद्भवली.

तात्पुरत्या नेमणुका कायम होणे. साथरोग, यात्रा, पाणीटंचाई अशा प्रसंगी रोजंदारीवर घेतलेले कर्मचारी दीर्घकाळ कामावर राहतात. पुढे आंदोलन, औद्योगिक न्यायालयातील दावा किंवा शासन निर्णय यांद्वारे त्यांना सेवेत कायम केले जाते. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी, नियमबाह्य मार्गाने नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्णय दिला. मात्र काम कायमस्वरूपी असताना कर्मचाऱ्यांना नावापुरते कंत्राटी ठेवण्यासही न्यायालयांनी आक्षेप घेतला आहे.

वारसा नियुक्ती. लाड समिती व पागे समिती यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. पिढ्यानुपिढ्या विशिष्ट जातींवर लादलेल्या कामातील कुटुंबांना स्थैर्य मिळावे, हा तिच्यामागील सामाजिक विचार आहे. शिकलेल्या वारसाची नेमणूक सफाई कामगार म्हणून होते. त्यानंतर त्याला रस्त्यावरील कामाऐवजी कार्यालयात बसविले जाते, ही बाब अनेक संस्थांमध्ये चर्चेत आली आहे. कागदावर पद भरलेले राहते, परंतु रस्ता झाडण्यास माणूस नसतो.

स्थानिक रोजगाराचा दबाव. ज्या शहरात उद्योग मंदावतात, तेथे पालिकेची नोकरी हाच खात्रीचा रोजगार ठरतो. लोकप्रतिनिधींकडे येणाऱ्या मागण्यांत नोकरीची मागणी अग्रक्रमाने असते.

हद्दवाढ. शहराच्या हद्दीत गावे समाविष्ट झाली, की ग्रामपंचायतींचे कर्मचारी महानगरपालिकेकडे वर्ग होतात. पुणे महानगरपालिकेत २०२१ मध्ये २३ गावांचा समावेश झाला. त्यापूर्वी काही ग्रामपंचायतींनी केलेली नोकरभरती वादग्रस्त ठरून जिल्हा परिषदेस चौकशी करावी लागली.

बदलीची मर्यादा. राज्य शासनाचा कर्मचारी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविता येतो. महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्याची सेवा सामान्यतः त्याच शहरापुरती असते. संस्थेअंतर्गत बदलीलाही पदाची अर्हता, वेतनश्रेणी आणि सेवाज्येष्ठता यांचे बंधन असते. जकात नाक्यावरील शिपाई दवाखान्यातील परिचारिकेचे रिक्त पद भरू शकत नाही.

सेवांवरील परिणाम

निधीची ओढाताण. वेतन हा खर्च पुढे ढकलता येत नाही. गटारदुरुस्ती ढकलता येते. समजा, एखाद्या संस्थेचे वार्षिक उत्पन्न १०० रुपये आहे. त्यांपैकी ५५ रुपये आस्थापनेवर, १५ रुपये वीज व पाणी यांच्या देयकांवर आणि १० रुपये कर्जफेडीवर जातात. सेवा सुधारण्यासाठी २० रुपये उरतात. वेतन आयोगामुळे आस्थापना खर्च २० टक्क्यांनी वाढून ६६ रुपये झाला आणि उत्पन्न तेवढेच राहिले, तर हाती केवळ ९ रुपये उरतात. वेतनात पंचमांश वाढ झाली, तरी विकासकामांची रक्कम निम्म्याहून अधिक घटते. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून आणि सातवा १ जानेवारी २०१६ पासून गृहीत धरला गेल्याने थकबाकीचा बोजाही संस्थांवर पडला.

साधनांचा अभाव. कर्मचारी असतो, पण त्याला लागणारे वाहन, इंधन, औषध, नळजोडणीचे साहित्य नसते. चालक आहे पण गाडी कार्यशाळेत आहे, किंवा दवाखान्यात कर्मचारी आहे पण औषध बाहेरून आणावे लागते, अशा प्रसंगी मनुष्यबळ सक्तीने निष्क्रिय होते.

जबाबदारीचे विभाजन. एका अर्जावर जितक्या अधिक टेबलांवर सही लागते, तितका विलंब वाढतो आणि विलंबाचा दोष कोणा एकावर येत नाही. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडलेला नियम येथे उद्धृत केला जातो. उपलब्ध वेळ भरून निघेल इतके काम पसरत जाते, असे त्याचे सार आहे. त्यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, तर नौदल मुख्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले.

कंत्राटी कामाची वाढ. कायम पदांची भरती थांबली तरी काम थांबत नाही. ते कंत्राटदाराकडे दिले जाते. हा खर्च बहुधा आस्थापनेऐवजी अन्य शीर्षाखाली पडत असल्याने ३५ टक्क्यांच्या मर्यादेत दिसत नाही. परिणामी एकाच रस्त्यावर कायम कर्मचारी आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कमी वेतनावरचा कंत्राटी कर्मचारी असे दोन वर्ग निर्माण होतात. अधिक कष्टाचे आणि धोक्याचे काम दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला येते.

हजेरी आणि काम यांतील अंतर. भारतातील शासकीय प्राथमिक शाळांत २००३ मध्ये पूर्वसूचनेविना भेटी देऊन केलेल्या पाहणीत (मायकेल क्रेमर व सहकारी) सुमारे २५ टक्के शिक्षक अनुपस्थित आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. राज्याराज्यांत एवढा फरक पडतो. यावरून देखरेख आणि कार्यसंस्कृती यांचा सेवेवर होणारा परिणाम लक्षात येतो.

सोलापूर महानगरपालिका

पार्श्वभूमी

सोलापूर नगरपालिकेची स्थापना १ ऑगस्ट १८५२ रोजी झाली आणि १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. इ.स. १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिलपासून (जुनी गिरणी) हे शहर गिरणगाव म्हणून वाढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग व विडी उद्योगातील काम अनियमित आणि कमी मोबदल्याचे असल्याने स्थिर वेतनाच्या पालिका नोकरीचे आकर्षण वाढले. गिरण्यांबरोबर शहराची कर भरण्याची ताकदही घटली. नोकरीची मागणी वाढली त्याच काळात ती देऊ शकणारे उत्पन्न आक्रसले.

१९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९,५१,५५८ होती. पाचपटीहून अधिक वाढलेल्या या क्षेत्रात दाट वस्तीच्या जुन्या पेठा आणि विरळ वस्तीचा ‘हद्दवाढ भाग’ असे दोन भिन्न प्रकार आहेत. एकाच लोकसंख्येमागे दोन्हीकडे लागणारे कर्मचारी सारखे नसतात.

पाणीपुरवठा

शहरास भीमा नदीवरील उजनी धरण, टाकळी येथील उपसा केंद्र आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेला हिप्परगा (एकरुख) तलाव या स्रोतांतून पाणी मिळते. उजनीची जलवाहिनी सुमारे ११० किलोमीटर लांबीची आहे. पाकणी, सोरेगाव व भवानी पेठ येथे जलशुद्धीकरण केंद्रे आहेत. शहराच्या अनेक भागांत पाणी दररोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते.

खंडित पुरवठ्याचा मनुष्यबळाशी थेट संबंध आहे. पाणी पाळीने सोडावयाचे असल्यास प्रत्येक भागाची झडप ठरलेल्या वेळी उघडणे व बंद करणे आवश्यक ठरते. हे काम ‘चावीवाले’ करतात. पाळ्या जितक्या अधिक, तितके चावीवाले अधिक. रिकाम्या नळांत हवा व दाब यांचे चढउतार होऊन गळती वाढते, म्हणून दुरुस्तीची पथकेही अधिक लागतात. आणि टंचाईच्या भागांसाठी टँकरची व्यवस्था वेगळीच. म्हणजे वितरणव्यवस्थेतील उणीव कर्मचाऱ्यांनी भरून काढली जाते. हे कर्मचारी कमी केले तर आहे तो पुरवठाही कोलमडतो. नळांचे जाळे, जलकुंभ व मीटर यांत गुंतवणूक केली तरच या कामाची गरज घटते. सातारा जिल्ह्यातील मलकापूर (कराड) या छोट्या शहरात मीटर, टप्प्यांनुसार वाढणारी दरआकारणी आणि अखंड दाबाची वाहिनी यांच्या आधारे चोवीस तास पुरवठा सुरू झाला. तेथे पाळीने पाणी सोडण्याचे कामच उरले नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली आणि त्यानंतर उजनीवरील समांतर जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले. नवीन वाहिनीमुळे शहरात येणारे पाणी वाढते. ते रोज घरोघरी पोचणे अंतर्गत वितरणव्यवस्थेवर अवलंबून राहते.

परिवहन उपक्रम

महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम (एसएमटी) हे साधने घटूनही कर्मचारी कायम राहण्याचे उदाहरण आहे. दोन पाळ्यांचे चालक व वाहक, कार्यशाळेतील कामगार आणि कार्यालयीन कर्मचारी मिळून एका धावत्या बसमागे साधारणतः पाच ते सहा जण लागतात. बस रस्त्यावरून उतरली तरी हे कर्मचारी वेतनावर राहतात. सोलापुरात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानांतर्गत मिळालेल्या बसगाड्यांपैकी अनेक गाड्यांच्या चॅसिसला तडे गेल्याने त्या आगारात उभ्या राहिल्या. धावत्या गाड्या कमी झाल्याने प्रवासी व उत्पन्न घटले. वेतन थकले, कर्मचाऱ्यांची आंदोलने झाली आणि उपक्रम महानगरपालिकेच्या अनुदानावर अवलंबून राहिला.

येथे भरती वाढलेली नव्हती. भाजक, म्हणजे धावत्या गाड्यांची संख्या, लहान झाला होता. बसमागील कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले तरी कर्मचारी स्वतः महिनोन्‌महिने वेतनाविना होते. शहर बसची जागा रिक्षांनी घेतली आणि विद्यार्थी व कामगार यांचा प्रवासखर्च वाढला.

जुन्या पेठांतील स्वच्छता

शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, साखर पेठ, उत्तर व दक्षिण कसबा यांसारख्या जुन्या भागांत बोळ अरुंद आणि घरे एकमेकांस लागून आहेत. मोठे वाहन सर्वत्र शिरू शकत नाही. तेथे झाडू, हातगाडी आणि छोटी घंटागाडी यांवरच काम चालते, म्हणून दर किलोमीटरमागे अधिक माणसे लागतात. याउलट हद्दवाढ भागातील रुंद रस्त्यांवर एका वाहनाने लांबचे अंतर उरकते, पण वस्ती विखुरलेली असल्याने फेरीस वेळ लागतो. लोकसंख्येच्या एकाच प्रमाणावर कर्मचारी वाटल्यास दोन्हीकडे चूक होते.

सफाईच्या साखळीत सफाई कामगार, मुकादम आणि आरोग्य निरीक्षक असे स्तर आहेत. सकाळची हजेरी मुकादम घेतो. गैरहजर कामगाराच्या जागी बदली कामगार दिला जातो. बदली कामगारांची संख्या अपुरी असेल किंवा मूळ कामगार अन्यत्र वापरला जात असेल, तर तेवढी गल्ली त्या दिवशी झाडली जात नाही. रहिवाशाच्या दृष्टीने विभागाची एकूण संख्या निरर्थक असते. त्याच्या बोळात आज कोण आले, एवढेच त्याला दिसते.

शाळा

महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा माध्यमांत चालतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. दरवर्षीच्या संचमान्यतेत पटानुसार पदे ठरतात. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून त्याचे अन्य शाळेत समायोजन होते.

बहुभाषिक शहरात समायोजनाला माध्यमाची मर्यादा पडते. तेलुगू माध्यमाचा पट घटल्यास त्या माध्यमाचा शिक्षक उर्दू माध्यमाच्या रिक्त वर्गावर जाऊ शकत नाही. संख्येचा मेळ बसला तरी विषयाचा व भाषेचा मेळ बसत नाही. शिवाय अल्प पटाच्या शाळेत दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळत असतात. कोष्टकात पुरेशी किंवा जादा ठरणारी संख्या वर्गात अपुरीच असते. याच अधिनियमाच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही.

महाराष्ट्रातील अन्य उदाहरणे

मुंबई. बृहन्मुंबई महानगरपालिकेत कचरा वाहतुकीचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम ठेवला. काम नित्याचे असेल तर नेमणूकही नित्याची हवी, असा या लढ्याचा आशय होता. बेस्ट उपक्रमाने खर्च कमी करण्यासाठी भाडेतत्त्वावरील गाड्या घेतल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला येथे अशा एका विद्युत बसच्या अपघातात अनेकांचा मृत्यू झाला आणि कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला.

पुणे. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला. दारोदारचा कचरा संकलित करणाऱ्या सदस्यांना नागरिकांकडून सेवाशुल्क मिळते. कायम भरती आणि कंत्राटदार या दोहोंहून भिन्न असा हा तिसरा मार्ग मानला जातो.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० मधील सुमारे १८.५ लाखांवरून २०१३ पर्यंत सुमारे ७ लाखांवर आली. शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा निवृत्त कर्मचाऱ्यांची संख्या कार्यरत कर्मचाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती आणि सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. शहराने कर्मचारी कमी केले होते. पूर्वीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे व आरोग्यखर्चाचे दायित्व मात्र उरले होते. आज केलेल्या भरतीचा आर्थिक भार तीस-चाळीस वर्षे टिकतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

मोजमाप

एकूण लोकसंख्येमागील कर्मचारी हा आकडा सोपा पण दिशाभूल करणारा असतो. जी संस्था शाळा, रुग्णालय आणि बससेवा चालविते तिचा आकडा स्वाभाविकच मोठा दिसतो. म्हणून सेवानिहाय मापे वापरली जातात :

• पाणीपुरवठा : दर १,००० नळजोडण्यांमागे कर्मचारी
• परिवहन : दर धावत्या बसमागे कर्मचारी
• स्वच्छता : दर किलोमीटर रस्त्यामागे किंवा दर टन कचऱ्यामागे कर्मचारी
• शिक्षण : दर शिक्षकामागे विद्यार्थी
• वित्त : उत्पन्नातील आस्थापना खर्चाचे प्रमाण

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये जाहीर केलेल्या सेवास्तर मानकांत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा आणि महसूल न देणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत ही उद्दिष्टे आहेत. ही मापे कर्मचाऱ्यांऐवजी नागरिकाला मिळणारी सेवा मोजतात. दोन्ही प्रकारची मापे एकत्र पाहिल्यासच मनुष्यबळ जादा आहे की चुकीच्या जागी आहे, हे कळते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १८ राज्यांतील लेखापरीक्षणांच्या २०२४ मधील एकत्रित आढाव्यात नागरी संस्थांतील मंजूर पदांपैकी सरासरी ३७ टक्के पदे रिक्त आढळली.

उपाययोजना

कामावर आधारित आकृतिबंध. ठरावीक वर्षांनी प्रत्येक विभागातील कामाचे मोजमाप करून पदे कमी-अधिक करणे, संपलेल्या कामाची पदे निवृत्तीबरोबर रद्द करणे आणि त्याऐवजी तांत्रिक पदे निर्माण करणे.

पुनर्प्रशिक्षण. अतिरिक्त लिपिक किंवा नाका कर्मचाऱ्यास मालमत्ता कराची फेरआकारणी, मीटरवाचन, जन्म-मृत्यू नोंदणी अशा कामांसाठी तयार करणे. मालमत्ता कराची वसुली सुधारल्यास हाच कर्मचारी उत्पन्नात भर घालतो.

मूळ पदावर नेमणूक. सफाई, पाणीपुरवठा, आरोग्य या पदांवरील कर्मचाऱ्यांच्या कार्यालयीन नेमणुका रद्द करणे. त्याचबरोबर शिकलेल्या सफाई कामगारास नियमित परीक्षेद्वारे पदोन्नतीचा खुला मार्ग देणे.

सेवेची हमी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास दोन अपिलांची आणि त्यानंतर आयोगाकडे जाण्याची सोय असून दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. यात जबाबदार अधिकाऱ्याचे पद आधीच जाहीर असल्याने जबाबदारी अनेक टेबलांत विरून जात नाही.

माहिती खुली करणे. प्रभागनिहाय नेमलेले कर्मचारी, त्यांचे काम आणि हजेरी नागरिकांस पाहता येईल अशी प्रसिद्ध करणे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये अशा स्वयंप्रेरित प्रकटीकरणाची तरतूद आहे.

मतभेद

कर्मचारी संघटनांच्या मते ‘अतिरिक्त’ हा शिक्का बहुधा खासगीकरणाची पूर्वतयारी म्हणून वापरला जातो. आकृतिबंध दशकानुदशके सुधारले न गेल्याने मनुष्यबळ खरे तर अपुरे आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. वित्तीय शिस्तीचे समर्थक आस्थापना खर्चावर कठोर मर्यादा नसल्यास विकासकामांना काहीच उरणार नाही असे म्हणतात.

तिसरा दृष्टिकोन राखीव क्षमतेचा आहे. आपत्तीच्या काळात थोडे जादा मनुष्यबळ उपयोगी पडते. कोविड-१९ साथीत १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरच्या पाहणीसाठी स्थानिक संस्थांचे विविध विभागांतील कर्मचारी वापरण्यात आले. अशी क्षमता उपयोगी ठरण्यासाठी ती नियोजनपूर्वक राखलेली व प्रशिक्षित असावी लागते, याबाबत फारसे दुमत नाही. वाद आहे तो तिच्या खर्चाचा भार कोणी उचलावा याविषयी : ज्या राज्य शासनाकडे पदे मंजूर करण्याचा अधिकार आहे त्याने, की ज्या शहराकडे सेवा देण्याचे कर्तव्य आहे त्याने.

हे सुद्धा पहा

• सोलापूर महानगरपालिका
• ७४ वी घटनादुरुस्ती
• महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९
• महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५
• जकात
• पार्किन्सनचा नियम